परिचारिका काय शिकली?

एका मध्यमवयीन स्त्रीची शस्त्रक्रिया होऊन काही तास झाले होते. ती लॅटिन अमेरिकी वंशाची होती. तिला बऱ्याच वेदना होत असाव्यात, असे तिच्याच समाजातल्या एका डॉक्टरांनी परिचारिकेला सांगितले. परिचारिकेने ते मनावर घेतले नाही. निरनिराळ्या संस्कृतींच्या रुग्णांविषयीचा अभ्यासक्रम तिने केला होता आणि हे लोक दुखणे वाढवून दाखवतात, असे ती त्यातच शिकली होती! मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकी डॉक्टरांनी हा प्रसंग १९९८ साली नोंदवला आहे.

या शिक्षणाची सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. १९५० नंतरच्या दशकात सिनसिनाटीत मानसिक त्रास असलेल्या मुलांची शुश्रूषा करताना मॅडलिन लायनिंगर यांना जाणवले, की वेगवेगळ्या घरांतून आलेली मुले वेगवेगळी वागतात आणि याविषयी आपल्याला काहीच शिकवलेले नाही. त्या मानववंशशास्त्राकडे वळल्या, न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गॅडसप लोकांमध्ये राहिल्या आणि १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्यांनी परिचर्येची एक नवी शाखाच उभी केली. पण आपण शिक्षक जाणतोच, की वर्गात पोचेपर्यंत विषयाच्या याद्या होतात. अमुक समाज काय खातो, तमुक समाज वेदना कशी सोसतो. यादीवर प्रश्नपत्रिका काढणे सोपे असते.

न्यूझीलंडमध्ये वेगळी वाट निघाली. १९८८ साली क्राइस्टचर्चच्या एका सभेत एका माओरी विद्यार्थिनीने विचारले, की कायद्याची, नीतीची सुरक्षितता तुम्ही शिकवता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने हा प्रश्न उचलून धरला. रुग्णाच्या चालीरीती पाठ करण्याऐवजी विद्यार्थिनीने आधी स्वतःचे पूर्वग्रह आणि रुग्णावरची स्वतःची सत्ता ओळखावी, असे त्यांचे म्हणणे होते. सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाराच ठरवणार! १९९२ मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेने याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढे वृत्तपत्रांत गदारोळ झाला, १९९५ मध्ये संसदीय समितीने चौकशीही केली. विषय मात्र टिकला. माओरींपासून निघालेल्या या कल्पनेत पुढे वय, लिंग, धर्म, अपंगत्व आणि स्थलांतराचा अनुभवही आला.

अशा शिक्षणाने विद्यार्थ्यांची स्थलांतरित रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी बदलते का, हे आज अनेक देशांत तपासले जाते. बहुतेक वेळा त्यासाठी विद्यार्थ्यांकडूनच प्रश्नावली भरून घेतात. रुग्णाला क्वचितच विचारतात.