पुरुषभर तिरकमठा

इंग्लंडच्या धनुष्याच्या इतिहासात १५४५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १९ जुलैला आठव्या हेन्रीची ‘मेरी रोज’ ही युद्धनौका फ्रेंच आरमाराशी लढताना पोर्ट्समथजवळच्या सोलेंट सामुद्रधुनीत बुडाली. नौकेवर चारशेहून अधिक माणसे होती, त्यांतली फार थोडी वाचली. राजा किनाऱ्यावरच्या साउथसी किल्ल्यातून हे पाहत होता. त्याच वर्षी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातल्या रॉजर ॲस्कम या ग्रीकच्या तरुण पंडिताने ‘टॉक्सोफिलस’ हा धनुर्विद्येवरचा ग्रंथ छापून याच राजाला अर्पण केला आणि वर्षाला दहा पौंडांचे वेतन मिळवले. धनुर्विद्येवर इंग्रजीत लिहिलेले हे पहिले पुस्तक.

नौकेबरोबर धनुष्ये गाळात गेली आणि पुस्तकात त्यांच्याविषयीचे शब्द राहिले. पुढची चारशेहून अधिक वर्षे अभ्यासकांपाशी शब्द होते, वस्तू जवळजवळ नव्हती. मध्ययुगातली इंग्लिश युद्धधनुष्ये फारशी टिकलेलीच नाहीत. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी ‘मेरी रोज’चा सांगाडा पाण्याबाहेर आला. तिच्या उत्खननात १७२ धनुष्ये सापडली, त्यांतली १३७ अखंड. शिवाय साडेतीन हजारांच्या आसपास बाण. बरीच धनुष्ये पेट्यांमध्ये रचून ठेवल्यासारखीच मिळाली.

‘टॉक्सोफिलस’ हा संवाद आहे. टॉक्सोफिलस म्हणजे धनुष्यप्रेमी, आणि त्याच्याशी बोलणारा फिलोलोगस म्हणजे विद्येचा, शब्दांचा प्रेमी. या ग्रंथाचे काही भाग मी मराठीत आणते आहे. माझा पक्ष कोणता हे उघडच आहे: तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईने फिलोलोगसच्याच बाजूला बसायचे असते. पण पहिल्या भागातला युक्तिवाद संपून दुसऱ्या भागात धनुष्य, बाण, पिसे, दोरी, वारा यांचे वर्णन सुरू झाले आणि काम अडले.

मराठीत शब्दांची टंचाई नव्हती. धनुष्य, चाप, कोदंड, शरासन हे संस्कृतातून आलेले, कमान आणि तीर फारसीतून, भाता आपलाच. दोरी सोडल्यावर होणारा टणत्कार आहे, कानापर्यंत ओढण्याला ‘आकर्ण’ आहे. दोरीला ‘ज्या’ आहे आणि ‘गुण’ही, या ‘गुण’वर संस्कृत कवींनी किती श्लेष केले त्याला गणती नाही. ‘सज्ज’ हा आपला रोजचा शब्द मुळात ‘स-ज्य’, म्हणजे दोरी चढवलेला, अशी व्युत्पत्ती कोशकार देतात. पण हे सारे शब्द काव्यात वाढलेले. ॲस्कम मात्र गाठी, चिरा, वाऱ्याने लाकडात पडलेली भेग, जास्त वाकून पिचलेली जागा यांविषयी लिहितो. धनुष्याला तो पाठ आणि पोट देतो. मराठीत दोन्ही शब्द सहज बसले. पण पाठ कोणती? धनुष्य हातात धरल्यावर आपल्याकडे येते ते त्याचे पोट, आणि लक्ष्याकडे असते ती पाठ. कागदावर हे वाक्य बरोबर लिहूनही मला ते दिसत नव्हते.

म्हणून मी इंग्लंडमधल्या एका धनुष्यकाराला पत्र लिहिले. त्याने माझी उंची विचारली, हात लांबवल्यावर बाण किती ओढला जातो ते विचारले आणि किती भार पेलवेल ते विचारले. माझ्या मापाने ठरले ते असे: यूचे लाकूड, लांबी सुमारे सहा फूट, ओढ अठ्ठावीस इंच, भार चाळीस पौंड, म्हणजे साधारण अठरा किलो. दोन्ही टोकांना दोरी अडकवण्यासाठी खाच पाडलेली शिंगाची टोपणे.

यू हा इंग्लंडच्या चर्चच्या आवारात हटकून दिसणारा, सूचिपर्णी, अतिशय दीर्घायुषी वृक्ष. बियांभोवतीचा लाल गर सोडला तर सगळा विषारी. त्याचा हिमालयातला भाऊबंद गढवालात ‘थुनेर’ म्हणून ओळखला जातो. यूच्या खोडात निसर्गानेच दोन लाकडे शेजारी ठेवलेली असतात. सालीलगतचे फिकट, कोवळे लाकूड ताण सोसते. आतला तांबूस गाभा दाब सोसतो. धनुष्य वाकते तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. म्हणून पाठीला कोवळे लाकूड ठेवायचे, पोटाला गाभा. तुर्की किंवा मुघल कारागीर लाकडाच्या पाठीला स्नायूंचे तंतू आणि पोटाला शिंग सरसाने चिकटवून जे साधत, ते इथे एका दांड्यातच असते. धनुष्यकाराने अर्धवट तासलेला दांडा माझ्या हातात दिला आणि दोन रंगांमधल्या सीमेवरून बोट फिरवायला लावले. पाठ आणि पोट यांचा गोंधळ तिथे संपला.

पुढचे काम फक्त काढून टाकण्याचे. दांडा एका उभ्या लाकडावर आडवा टेकवतात, दोरी थोडी थोडी खाली ओढतात आणि चार पावले मागे जाऊन कमानीचा आकार पाहतात. जिथे ताठरपणा आहे तिथे पोटाकडून खरवडतात, पुन्हा ओढतात, पुन्हा पाहतात. पाठीला हात लावत नाहीत. तिथले तंतू तुटले की धनुष्य तिथेच मोडते. एकदा काढलेला ढलपा परत बसवता येत नाही, म्हणून शेवटी शेवटी पातळ पत्र्याच्या तुकड्याने कणाकणाने खरवडणे चालते.

ॲस्कमचा सल्ला असा, की दुकानातून घेतलेले धनुष्य पुरे झाले असे समजू नये. ते मैदानात न्यावे, जड बाणांनी त्याला खूप वाकवावे, कुठे जास्त वाकते ते पाहावे आणि मग पुन्हा चांगल्या कारागिराकडे न्यावे. माझ्या धनुष्यकारानेही शेवटचा हात फिरवला नव्हता. महिनाभर रोज बाण मारून परत आणा, असे त्याने बजावले. मी नेले तेव्हा त्याने खालच्या अंगाकडे एकदा पाहिले आणि वीसेक वेळा पाते फिरवले. ‘टॉक्सोफिलस’ आपण वाचलेले नाही, असे तो म्हणाला.

बाण मारण्याची ॲस्कमने पाच अंगे सांगितली आहेत: उभे राहणे, बाण दोरीत बसवणे, ओढणे, धरणे आणि सोडणे. यांतले ‘धरणे’ मला वाचताना सर्वांत क्षुल्लक वाटले होते. प्रत्यक्षात अठरा किलोंचा भार तीन बोटांवर पेलून क्षणभर स्थिर राहणे हेच अवघड. केवळ दंडाच्या जोरावर ओढले की हात थरथरतो. पाठीची पाती एकमेकींकडे आणून ओढले की दोरी आपोआप मागे येते. ह्यू लॅटिमर या बिशपने १५४९ मध्ये राजापुढे दिलेल्या प्रवचनात हेच सांगितले आहे. वडिलांनी आपल्याला हातांच्या नव्हे, तर शरीराच्या भाराने ओढायला शिकवले आणि वय व ताकद वाढेल तसतशी नवी, अधिक भाराची धनुष्ये घेऊन दिली, असे तो म्हणतो. मापाचे धनुष्य ही तेव्हा चैन नव्हती. मूल वाढते तसा त्याचा सदरा बदलावा, तसे धनुष्य बदलत असे.

या वाढीचे शेवटचे टोक ‘मेरी रोज’वर आहे. तिथल्या धनुष्यांचा भार अभ्यासक १०० ते १८५ पौंडांच्या दरम्यान मानतात, म्हणजे सुमारे ४५ ते ८४ किलो. नौकेवरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या पात्याचे टोक उरलेल्या हाडाशी सांधलेलेच नाही. वाढत्या वयापासून जबर धनुष्ये ओढल्याचा तो परिणाम असावा, असे मानले जाते. क्रेसी (१३४६) आणि ॲजिनकोर्ट (१४१५) यांच्या विजयगाथांत हा खांदा येत नाही. कायदेही येत नाहीत. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सुटीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्याचा सराव करावा, चेंडू आणि कोंबड्यांच्या झुंजी सोडाव्यात, असा हुकूम काढला. पुढे देशातले यू पुरेनात, तेव्हा १४७२ मध्ये व्हेनिससारख्या ठिकाणांहून येणाऱ्या मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याचे चार दांडे आणणे व्यापाऱ्यांना सक्तीचे झाले. १४८४ मध्ये मामझी दारूच्या प्रत्येक पिंपामागे दहा. इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या पोराचा खांदा आणि आल्प्सच्या उतारावरचे यू, दोन्ही त्या एका शस्त्रात खर्ची पडले. माझ्या अठरा किलोंना दुखणारा हात हा त्या हिशेबातला फार लहान आकडा आहे, पण तो हाताशी धरल्यावर बाकीचे आकडे नुसते आकडे राहिले नाहीत.

भारतीय वाचकाला इथे दोन गोष्टी आठवतील. एरियन या ग्रीक इतिहासकाराने भारतीय पायदळाच्या धनुष्याचे वर्णन केले आहे: ते धरणाऱ्याच्या उंचीएवढे असे, एक टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने रेटून ते ओढत. म्हणजे माणसाएवढे धनुष्य ही काही इंग्लंडचीच मिरास नव्हे. दुसरी गोष्ट एकलव्याची. मुघल किंवा तुर्की तिरंदाज अंगठ्याने दोरी ओढतो. त्यासाठी घालायच्या अंगठ्या संग्रहालयांत दिसतात. इंग्लिश तिरंदाज बोटांनीच ओढतो. अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारतच सांगते. गोष्टीचा हा शेवट आपण सहसा सांगत नाही. बोटांच्या पेरांवर दोरीचा वळ घेऊन ते वाचताना द्रोणाने काय मागितले ते नेमके कळते: विद्या नव्हे, वेग.

‘टॉक्सोफिलस’ लिहिले गेले तेव्हा धनुष्याचे दिवस भरत आले होते. ‘मेरी रोज’वर तोफाही होत्या. बंदूकवाला काही आठवड्यांत तयार होतो, तिरंदाजाला लहानपण द्यावे लागते. १५९५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने शिबंदीतली धनुष्ये काढून बंदुका द्यायला सांगितले. १७८१ मध्ये सर ॲश्टन लीव्हरने हौशी तिरंदाजांची टॉक्सोफिलाइट सोसायटी काढली, तिला नाव मिळाले ते ॲस्कमच्या पुस्तकावरून. आणि ‘टॉक्सॉन’ या ग्रीक धनुष्यावरून बाणाला लावायच्या विषाचे जे नाव पडले होते, त्यातून आलेला ‘टॉक्सिक’ आज आपल्या घराघरांत, नातेसंबंधांविषयी बोलतानाही, ऐकू येतो.

उरला प्रश्न शब्दाचा. प्रस्तावनेत ॲस्कम म्हणतो, की लॅटिनमध्ये किंवा ग्रीकमध्ये लिहिणे आपल्याला सोपे गेले असते. पण पुस्तक इंग्लिश माणसांसाठी आहे म्हणून ते इंग्रजीत. परक्या शब्दांची सरमिसळ करणाऱ्यांना तो विचारतो, की मामझी, तांबडी, पांढरी, सगळी दारू बियरसकट एकाच भांड्यात ओतली तर ते पेय प्यावेसे वाटेल का? (मामझीच्या पिंपामागे दांडे घेणाऱ्या देशात ही उपमा चांगलीच शोभते.) त्याचा सोवळेपणा मला पुरता पटत नाही, फारसी कमान आणि तीर काढून टाकली तर माझी मराठी लंगडी होईल. पण साध्या माणसाला कळेल असे लिहायचे, ही त्याची अट मी मोडू शकत नाही. म्हणून माझ्या मसुद्यातून कोदंड आणि चाप गेले. ॲस्कम धनुष्याला सर्रास ‘तो’ म्हणतो. मराठीत धनुष्य नपुंसकलिंगी, कमान स्त्रीलिंगी. ‘तो’ आहे तिरकमठा. हा शब्द ऐकला की पोरांचे खेळणे किंवा भिल्लाच्या खांद्यावरचा बांबू डोळ्यांपुढे येतो, आणि ते मला हवेच आहे. विहिरीची खोली आपण पुरुषांत मोजतो. तेच माप इथे घेतले आहे. टॉक्सोफिलसच्या तोंडी सध्या ‘पुरुषभर तिरकमठा’ आहे. फिलोलोगस अजून ‘धनुष्य’च म्हणतो.