मनगटावरचं घड्याळ सांगतं तेवढ्या कॅलरी खरंच जळतात का?

फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच रात्री ‘आज २,१०० कॅलरी खर्च’ असं दाखवतं. हा आकडा मोजलेला नसतो, तो अंदाज असतो, आणि पावलं किंवा नाडीच्या आकड्यापेक्षा बराच कच्चा असतो.

खरा खर्च मोजायचा तर तोंडावर मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासावा लागतो. नाहीतर ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेलं खास पाणी पाजून एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासावे लागतात. मनगटावर यातलं काहीच होत नाही.

मग घड्याळ करतं काय? आधी वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष यावरून नुसतं पडून राहिल्यावर होणारा खर्च सूत्रानं काढतं. मिफलिन-सेंट जिओर हे असंच एक प्रचलित सूत्र. त्यानुसार ४५ वर्षांच्या, ६० किलो वजनाच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईंचा हा खर्च दिवसाला सुमारे १,१८० कॅलरी येतो. इथेच गोम आहे. हे सूत्र १९९० साली अमेरिकेतल्या लोकांवरून बसवलेलं. आपल्याकडे आयसीएमआरनं २०१०च्या आहारविषयक शिफारशींत भारतीयांचा विश्रांतीचा खर्च आंतरराष्ट्रीय सूत्रापेक्षा सुमारे ५ टक्के कमी धरला होता. म्हणजे चालायला सुरुवात करण्याआधीच आकडा थोडा फुगलेला असू शकतो.

त्यावर हाताची हालचाल आणि हिरव्या दिव्यानं टिपलेली नाडी यांची भर पडते. पण हात हलला म्हणजे माणूस चाललाच असं नाही. भाकऱ्या थापताना किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवताना पावलं वाढतात. उलट हातगाडी ढकलणाऱ्याचा घाम निघतो, पण हात दांड्यावर स्थिर, म्हणून पावलं कमीच पडतात. नाडीचंही तसंच. इंदूर किंवा हैदराबादच्या मे महिन्यातल्या उन्हात, कडक चहानंतर किंवा नुसत्या काळजीनंही ती वाढते, त्या प्रमाणात कॅलरी मात्र जळत नाहीत. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलची गोळी चालू असेल तर नाडी दबलेली राहते आणि मेहनत कमी दिसू शकते.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ साली ६० जणांवर सात घड्याळं तपासली. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या घड्याळाची सरासरी चूक २७ टक्के, तर सगळ्यात वाईटाची ९३ टक्के निघाली! त्यातली बरीच मॉडेल आता बाजारात नाहीत, पण अंदाज बांधायची पद्धत मुळात तीच आहे. कंपन्या आपलं सूत्र सहसा उघड करत नाहीत, त्यामुळे बाहेरच्याला ताळा करता येत नाही.

हिशेबात आणखी एक घोळ होतो. त्याच ६० किलोच्या बाई ४५ मिनिटं झपझप चालल्या तर साधारण १५५ कॅलरी खर्च होतात. पण त्यातल्या ४५ कॅलरी घरी बसूनही गेल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई ११० च्या आसपास. घड्याळानं ३०० दाखवले म्हणून परतताना वडापाव खाल्ला, तर वजन उतरायच्या ऐवजी चढतं. मग लोक व्यायामालाच बोल लावतात.

घड्याळ फेकून द्यायची गरज नाही. कालच्या तुलनेत आज जास्त चाललो का, हे ते बऱ्यापैकी सांगतं, फक्त घड्याळ तेच हवं. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना व्यर्थ आहे. ॲपमध्ये सध्याचं वजन भरा, लग्नाच्या वेळचं नको. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बसेल असा बांधा. खाणं बरोबर आहे का, हे दोन-तीन आठवड्यांच्या वजनावरून ठरवा. सकाळी उठल्यावर, त्याच काट्यावर. मधुमेहींनी मात्र या आकड्यावरून इन्सुलिनचा डोस किंवा जेवण स्वतःहून बदलू नये, आधी डॉक्टरांना विचारावं.