बैलगाडीचा आस आणि खाली आणलेली मोटार

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने जालन्यात एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार विकत घेतली. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंगा बसवून ती ४ सें.मी. खाली आणली होती. गाडी दिसायला झोकदार होती. पण सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरावे लागे आणि खड्डा आला की ती बाजूला पळे. टायरवाल्याने पुढचे चाक उतरवून आतली कड दाखवली. ‘टायर आतून खातंय,’ एवढेच तो म्हणाला. बाहेरून नव्यासारख्या दिसणाऱ्या टायरच्या आतल्या कडेला तारा उघड्या पडू लागल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी हा तरुण आईवडिलांना घेऊन समृद्धी महामार्गाने नागपूरला निघणार होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी खुल्या झालेल्या नागपूर–शिर्डी टप्प्याचा काही भाग जालना जिल्ह्यातून जातो आणि तेथे मोटारींना ताशी १२० कि.मी. वेगाची मुभा आहे. त्या वेगाला असा टायर फुटला असता तर?

या झिजेचे कारण समजून घ्यायचे, तर सुरुवात बैलगाडीपासून करायला हवी.

बैलगाडीला दोन चाके आणि एकच आस. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर तोडते, आतले कमी. पण दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे त्यांची ओढाताण होत नाही. वळणाचा केंद्रबिंदू नेहमी आसाच्या रेषेतच असतो. म्हणून कोणतेही चाक आडवे घासत नाही. गाडीला चार चाके आली की मात्र प्रश्न उभा राहतो. चारही चाकांच्या आसांच्या रेषा एकाच बिंदूत मिळाल्या, तरच चाके न घासता वळतील.

युरोपातील जुन्या घोडागाड्यांचा पुढचा आस मधल्या खिळीभोवती सगळाच्या सगळा फिरे. तीव्र वळणावर पुढची चाके गाडीच्या पोटाखाली येत, आधाराचा पाया अरुंद होई आणि गाडी उलटण्याचा धोका वाढे. चार्ल्‌स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते. रुग्णांसाठी खराब रस्त्यांवरून फिरताना त्यांनी अठराव्या शतकातच यावर उपाय सुचवला होता : आस स्थिर ठेवावा आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळीभोवती वळवावे. पुढे म्युनिकचा गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने हीच रचना केली. लंडनमधील प्रकाशक रूडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये तिचे तेथील पेटंट घेतले. नाव राहिले ते पेटंट घेणाऱ्याचे! आजही आपण ‘आकरमान स्टिअरिंग’ असेच म्हणतो.

या रचनेत दोन्ही चाके सारखी वळून भागत नाही. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर २.४ मीटर, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर आणि मागच्या आसाच्या मध्यापासून वळणाची त्रिज्या ५ मीटर आहे. मग आतल्या चाकाचा कोन सुमारे २९ अंश आणि बाहेरच्याचा सुमारे २३ अंश हवा. दहावीच्या विद्यार्थ्यांना हे त्रिकोणमितीने सहज काढता येईल. कार्ल बेंझच्या १८८६ च्या पेटंटातील मोटार तीन चाकी होती, कारण चार चाकांच्या स्टिअरिंगचे समाधानकारक उत्तर त्याच्याजवळ नव्हते. त्याने ते १८९३ मध्ये पेटंट केले.

पुढचा पेच स्प्रिंगांचा. चाक खाली-वर होताना स्टिअरिंगचे कोन बदलता कामा नयेत. १९२२ च्या लान्सिया लाम्ब्डा या बुटक्या इटालियन मोटारीत पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे खाली-वर होत. १९३० नंतर ही पद्धत पसरू लागली. आता प्रत्येक चाकाला धरणारा दांडा एका कमानीत फिरतो आणि त्याला वळवणारा स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्या कमानीत. या दोन कमानी जुळाव्यात म्हणून अभियंता दांड्यांची लांबी आणि त्यांच्या सांध्यांच्या जागा ठरवतो. पण हे सारे तो गाडीची एक विशिष्ट उंची धरूनच ठरवतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. पुठ्ठ्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या दोन पट्ट्या फळीवर टाचण्यांनी वर-खाली अडकवा. दोन्हींची मोकळी टोके एकाच उभ्या रेषेत आणा आणि मग सारखीच उचला. टोके त्या रेषेत राहत नाहीत. मोटारीत हाच फरक चाक स्वतःहून वळवतो. खड्ड्यात गाडी बाजूला पळते ती यामुळे.

आमच्या तरुण मित्राच्या गाडीत हेच झाले होते. गाडी खाली आणल्यावर चाकांचे माथे आत झुकले होते. या झुकावाला ‘कॅम्बर’ म्हणतात. शिवाय चाकांच्या पुढच्या कडा बाहेरच्या अंगाला फाकल्या होत्या. हा ‘टो’मधला दोष. आम्ही टायरांवर खडूने रेषा आखून पुढचे आणि मागचे अंतर टेपने मोजले. फरक ६ मि.मी. निघाला, म्हणजे ६०० मि.मी. व्यासाच्या एका चाकामागे ३ मि.मी. कोन जेमतेम ०.३ अंश, पण प्रमाण २००ला १. म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक चाक सुमारे ५ मीटर आडवे घासटले जाते. जालना ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर ६० कि.मी. धरले, तर ३०० मीटर!

आणि याच्या बदल्यात मिळते काय? वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, ते गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात ठरते. ती उंची ५५ सें.मी.वरून ५१ सें.मी. झाली, तर हे भारांतर सुमारे ७ टक्क्यांनी घटते. लाभ खरा आहे, पण तो लहान आहे. आणि भूमिती बिघडलेली असेल तर तोही हाती लागत नाही. शिवाय स्प्रिंगेला दबायला जागा कमी उरते, आणि आपल्या गावोगावचे अरुंद, उभे गतिरोधक गाडीच्या पोटाला लागतात ते वेगळेच.

नागपूरचा बेत पुढे ढकलला गेला. तरुणाने मूळ लांबीच्या स्प्रिंगा बसवल्या, सैल झालेले सांधे बदलले आणि पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. अलाइनमेंट त्यानंतर. हा क्रम उलटा करू नये. आधी अलाइनमेंट करून घेतली आणि मग सांधे बदलले, तर पैसे दोनदा जातात. अलाइनमेंटमध्येही आधी खिळीचा मागचा कल, म्हणजे कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, कारण कॅम्बर हलवला की टो बदलतो. उंची कमीच ठेवायची असेल, तर त्या उंचीवर कमानी पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात. नुसत्या स्प्रिंगा कापून ते होत नाही.

विद्यार्थ्यांना एवढे जरूर विचारावे : बैलगाडीला अलाइनमेंट का लागत नाही? उत्तर देताना त्यांना चार चाकांचा सारा इतिहास आठवावा लागेल. आणि घरी मोटार असेल, तर टायरची आतली कड आज हात लावून पाहायला सांगावे. बाहेरची कड सर्वांनाच दिसते.