उंबऱ्याआतला संगमरवर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वऱ्हाडातल्या आमच्या गावी आमच्या घराला लागून एका जैन कुटुंबाचं घर होतं. मधली भिंत एकच, मातीची. पहाटे माझे वडील फजरच्या नमाजासाठी वजू करायला बसत, तेव्हा भिंतीपलीकडूनही पाण्याचा आवाज येई. तिकडे काकांची अंघोळ चाललेली असे. मग विहिरीचं ताजं पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि माडीवर न्यायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगाची सकाळ पाण्यानंच सुरू होते.

माडीवर त्यांचं घरचं चैत्यालय होतं. देवाच्या डोक्यावरून कोणाची ये-जा होऊ नये म्हणून ते घराच्या सगळ्यांत वरच्या खोलीत. लाकडी देव्हारा, त्यात संगमरवराची एक मूर्ती. पद्मासनात बसलेली, हात मांडीवर एकात एक ठेवलेले, छातीवर श्रीवत्साचं लहानसं चिन्ह. उंची वीतभरही नसेल. आम्ही मुलं उंबऱ्याबाहेर उभी राहायचो. ती बंदी माझ्या एकट्यासाठी नव्हती. अंघोळ न केलेला त्यांचा स्वतःचा मुलगाही माझ्याच शेजारी बाहेर असायचा. अभिषेक झाला की काकू वाटीतलं गंधोदक बोटांनी सगळ्यांच्या डोळ्यांना लावायच्या, माझ्याही.

एकदा मी विचारलं, “काका, मूर्तीच्या खाली काय लिहिलंय?”

“संवत पंधराशे अठ्ठेचाळीस,” काका म्हणाले.

मला संवत माहीत नव्हता. मला वाटलं, किंमत असेल. तसं म्हणालो तर काका पोट धरून हसले. “अरे बाबू, साल आहे ते. तुझ्या-माझ्या खापरपणजोबांच्याही आधीचं.”

त्या आकड्याचा अर्थ मला पुढे पुस्तकांतून कळला, आणि कळला तेव्हा मी चकित झालो. विक्रम संवत १५४८, वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय्य तृतीया. इसवी सनाच्या हिशेबात १४९१-९२. त्या दिवशी मुडासा नावाच्या शहरात जीवराज पापडीवाल नावाच्या दिगंबर जैन श्रावकानं एक मोठा प्रतिष्ठाविधी करवला. प्रतिष्ठाचार्य होते भट्टारक जिनचंद्र. एकाच विधीत हजारो मूर्तींची प्रतिष्ठा झाली. परंपरा तर लाखाचा आकडा सांगते. मूर्ती बहुतेक पांढऱ्या संगमरवराच्या आणि आटोपशीर आकाराच्या. त्या बैलगाड्यांत घालून संघ यात्रेला निघाला आणि वाटेतल्या गावोगावी मंदिरांना मूर्ती देत गेला, अशी हकीकत सांगतात. हकीकतीत भर पडली असेल. पण उत्तर हिंदुस्थानातल्या असंख्य दिगंबर मंदिरांत आणि आपल्या विदर्भातही १५४८ सालच्या मूर्ती आजही आहेत, आणि त्यांच्या बैठकीवर तीच तिथी, तेच भट्टारक आणि तेच जीवराज आहेत. नागपूरचे संशोधक डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी अशा लेखांचा अभ्यास केला. त्यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ १९५८ मध्ये सोलापूरहून प्रसिद्ध झाला.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. दिल्लीच्या तख्तावर सिकंदर लोदी, गुजरातेत महमूद बेगडा. इकडे बहमनी राज्य फुटून १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही उभी राहत होती. अशा धामधुमीत एका व्यापाऱ्यानं एक भव्य मंदिर बांधलं असतं तर त्याचं नाव एका गावात राहिलं असतं. त्यानं लहान लहान मूर्ती केल्या आणि वाटून टाकल्या. मोठी वास्तू एका तडाख्यात पडू शकते. हजार गावांत पसरलेल्या हजार मूर्ती एकाच वेळी कोण शोधणार? जीवराजच्या मनात हाच हिशेब होता असा पुरावा माझ्याजवळ नाही. पण परिणाम तोच झाला. पाचशे वर्षांनंतर वऱ्हाडातल्या एका माडीवर एका मुसलमान पोरानं त्याचं साल ऐकलं.

घरात पूजायची मूर्ती लहान असावी, हा मात्र जुना नेम आहे. ठक्कर फेरू नावाच्या जैन पंडितानं १३१५ मध्ये ‘वास्तुसार’ हा प्राकृत ग्रंथ लिहिला. त्यात घरातली मूर्ती एक ते अकरा अंगुळांची असावी, त्याहून मोठी मंदिरात पुजावी, असं सांगितलं आहे. बारा अंगुळांची एक वीत होते. म्हणजे घरातला जिन वितीच्या आत. आणि हा फेरू काम कुठे करत होता? दिल्लीत, अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात. नाण्यांतल्या सोन्या-चांदीची पारख हा त्याचा धंदा. त्या विषयावरही त्यानं १३१८ मध्ये एक ग्रंथ लिहिला. दिवसा सुलतानाची नाणी जोखणारा हा माणूस घरी येऊन जिनमूर्तीची मापं लिहीत होता.

घरात दगडी मूर्ती असावी की नाही, यावरही जुन्या ग्रंथकारांचे कटाक्ष होते. लाकूड, दगड, हस्तिदंत यांची, मापात नसलेली किंवा परिवाराविना असलेली मूर्ती घरात पुजू नये, असं काही ठिकाणी सांगितलेलं आढळतं. लहान मूर्ती धातूच्या करण्याची रीत तर फार जुनी. बडोद्याजवळ अकोटा इथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती पाचव्या-सहाव्या शतकापासूनच्या आहेत. आपल्या अकोला जिल्ह्यात राजनापूर खिनखिनी इथे मिळालेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. तरीही संगमरवर घरात आलाच. शास्त्र एक सांगतं आणि माणसाचा जीव दुसरीकडे ओढ घेतो, हे सगळ्याच धर्मांत घडतं.

संगमरवराचीच ओढ का? पश्चिम हिंदुस्थानात तो जवळ होता, हे एक कारण. अंबाजीजवळच्या आरासणच्या खाणींतला दगड अबूच्या मंदिरांना लागला. त्यांतलं विमलशहाचं मंदिर १०३१ चं आणि तेजपालाचं १२३० चं. राजस्थानात मकराण्याच्या खाणी आहेत; ताजमहालाचा संगमरवर तिथलाच. दुसरं कारण मला काकांनी सांगितलं होतं. “यावर डाग लपत नाही,” ते म्हणाले होते. आत्म्याला कर्माचा मळ चिकटतो आणि तो धुऊन काढायचा असतो, हे जैनांचं मूळ सांगणं. ते रोज सकाळी डोळ्यांना दिसावं, तर पांढऱ्या दगडासारखं दुसरं काय?

पण दगड आधी दगडच असतो. घडवलेल्या मूर्तीवर पंचकल्याणकाचा विधी होतो. गर्भ, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि मोक्ष हे तीर्थंकराच्या आयुष्यातले पाच प्रसंग तिच्यावर घडवले जातात, तेव्हा ती पूज्य होते. श्वेतांबर त्याला अंजनशलाका म्हणतात, कारण त्यात सळईनं मूर्तीच्या डोळ्यांत अंजन घालतात. त्यांच्या घरदेरासरातल्या मूर्तीला डोळे बसवलेले असतात, केशर-चंदनानं तिच्या नऊ अंगांची पूजा होते, सणाला आंगी चढते. दिगंबरांची मूर्ती निरलंकार, दृष्टी अर्धी मिटलेली. तीर्थंकर चोवीस, पण चेहरे सगळ्यांचे जवळजवळ सारखेच. बैठकीवर बैल असला तर ऋषभदेव, हरीण असलं तर शांतिनाथ, शंख असला तर नेमिनाथ, सिंह असला तर महावीर; डोक्यावर नागफणा असला तर बहुधा पार्श्वनाथ. नाव पायाशी, चेहऱ्यावर काहीच नाही.

आता जे सांगायचं ते मला टाळता येणार नाही. मी मुसलमान आहे. मूर्तींचा इतिहास सांगायचा आणि त्या कोणी फोडल्या ते गाळायचं, हे मला जमणार नाही. १३१३ मध्ये शत्रुंजयाच्या डोंगरावरची आदिनाथाची मूर्ती अल्लाउद्दीनच्या सैन्यानं फोडली. पाटणचा व्यापारी समराशाह तेव्हा अल्लाउद्दीनचा गुजरातमधला सुभेदार अल्पखान याच्याकडे गेला. अल्पखानानं जीर्णोद्धाराला परवानगीचं फर्मान दिलं. आरासणच्या खाणीतून नवा संगमरवर आणला आणि १३१५ मध्ये नव्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली. फोडणारं सैन्य ज्या सुलतानाचं, परवानगी देणारा सुभेदारही त्याचाच. आणि त्याच वर्षी त्याच सुलतानाच्या खजिन्यात बसून फेरूनं मापं लिहिली.

पुढे १६४५ मध्ये औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना अहमदाबादचे जवाहिरे शांतिदास यांनी बांधलेल्या चिंतामणी पार्श्वनाथाच्या मंदिराची त्यानं मशीद केली. १६४८ मध्ये शहाजहाननं फर्मान काढून ती वास्तू शांतिदासांना परत देण्याचा हुकूम केला. ताजमहाल उभारणारा हाच बादशहा. पण मंदिर पुन्हा नांदतं झालं नाही. त्यातल्या मूर्ती आधीच हलवून शहरात झवेरीवाड्यात, राहत्या घरांच्या आसऱ्याला आणल्या होत्या, असं जैन परंपरा सांगते. मंदिर गेलं, तेव्हा घर उपयोगी पडलं. या हकीकतींतला अर्धा भाग सांगून लोकांची मनं पेटवता येतात, आणि दुसरा अर्धा सांगून स्वतःची समजूत घालता येते. मला दोन्ही अर्धे सांगायचे आहेत.

मूर्ती नको म्हणणारे जैनांतही झाले. पंधराव्या शतकातच अहमदाबादेत लोंकाशाह नावाचा एक गृहस्थ होता. पोथ्यांच्या नकला करता करता त्याचं मत झालं, की आगमांत मूर्तिपूजेला आधार नाही. त्या विचारातून पुढे स्थानकवासी परंपरा आली. म्हणजे एकाच शतकात एक जैन हजारो मूर्ती गाडीत भरत होता आणि दुसरा मूर्तीच नको म्हणत होता. दोघंही अहिंसा मानणारे, दोघंही मोक्ष मागणारे.  वाद बहुतेक पोथीत राहिला, पंगतीत राहिला, कधी सोयरिकीत आला. मतभेद कुठवर न्यायचा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

माझ्या वडिलांना मी एकदा विचारलं होतं, “अब्बा, काका दगडाला काय मागतात?” वडिलांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “त्यांनाच विचार.” काकांचं उत्तर मला आजही आठवतं. “काही मागत नाही बाबू. तो मोक्षाला गेलेला. तो देणार काय आणि ऐकणार काय? तो कसा बसलाय ते पाहायचं, आणि आपल्याला तसं बसता येतं का ते बघायचं.” हे मी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग तो माणूस नमाजाच्या फार लांब नाही.” काका हे मान्य करते की नाही, कोण जाणे. मी दोघांच्या मध्ये पडलो नाही.

काका गेले. मुलं पुण्याला, एक परदेशी. काकूंचे गुडघे माडीचा जिना चढू देईनात. घरातली मूर्ती नुसती ठेवून चालत नाही. तिची रोज पूजा व्हावी लागते. ती होत नसेल तर मूर्ती मंदिरात द्यायची, हा रिवाज. ज्या सकाळी ती निघाली, त्या सकाळी मी गावीच होतो. धाकट्या मुलानं सोवळ्यात ती डोक्यावर घेतली. काकू पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. जीवराजच्या गाडीतून उतरलेला हा पाहुणा पाचशे वर्षांनी पुन्हा वाटेला लागला होता, या वेळी चारच गल्ल्यांच्या प्रवासाला.

मूर्ती आता गावच्या मंदिरात आहे. तिथे तिच्यासारख्या आणखी काही आहेत, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या. प्रत्येकीमागे एक बंद माडी आहे. आज मकराण्याच्या खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्यांत मुसलमान कारागीर पुष्कळ आहेत. तिथून निघालेला दगड मशिदीच्या फरशीलाही जातो आणि जयपूरच्या मूर्तिकारांच्या गल्लीतही. कोणता तुकडा कुठे जाणार, हे खाणीत ठरत नाही.

मधली ती मातीची भिंत मागच्या पावसाळ्यात खचली. आम्ही दोन्ही घरांनी मिळून ती विटांची बांधून घेतली. पण पहाटे आता पलीकडून पाण्याचा आवाज येत नाही. वजू करताना माझा हात क्षणभर थांबतो, आणि मी ऐकत राहतो.