एका विद्यार्थ्याचें विलायती वेड

इंग्रजी नाटकें, इंग्रजी राजकारण आणि इंग्रजी अद्भुत कथा यांच्या नादीं लागलेला मुलगा घरांत असला म्हणजे वडील मंडळींच्या कपाळीं आठी पडल्यावांचून राहत नाहीं. आज अशा मुलाच्या टेबलावर जादूगारांच्या शाळेच्या जाडजूड कादंबऱ्या असतात, पार्लमेंटांतील खडाजंगी तो मोबाइलवर पाहतो, आणि लंडनच्या रंगभूमीवर कोणता नट कोणती भूमिका करीत आहे हें त्याला ठाऊक असतें; आपल्या नगरपालिकेंत काय चाललें आहे तें मात्र विचारूं नये. “आमच्या चिरंजिवांना परक्यांचेंच सारें गोड लागतें,” ही तक्रार अध्यापकाच्या धंद्यांत मीं इतक्या पालकांकडून ऐकली आहे कीं, तिचें उत्तर देण्याचें मीं सोडून दिलें आहे. त्याऐवजीं १८८० च्या सुमाराचा पुण्यांतला एक विद्यार्थी वाचकांपुढें उभा करावा असें मनांत आलें. त्यालाही हेंच वेड होतें, आणि तें आजच्या मुलांहून तिळमात्र कमी नव्हतें.

हा विद्यार्थी म्हणजे हरि नारायण आपटे. जन्म खानदेशांतील पारोळ्याचा, १८६४ सालचा. बाळपण मुंबईंत गेलें आणि १८७८ सालीं मंडळी पुण्यास आली. पुढें दोन वर्षांनीं, १८८० च्या जानेवारींत, विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें आणि हरिभाऊ त्या शाळेंत दाखल झाले. लौकरच गोपाळ गणेश आगरकरही एम्. ए. होऊन त्या मंडळींत आले. शाळेचें नांव जरा लक्षपूर्वक पाहावें. सरकारी नोकरीस लाथ मारून, स्वदेशाच्या अभिमानानें काढलेली ही शाळा. पण तिच्या पाटीवर ‘इंग्लिश’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता, आणि त्याचा कोणास संकोच वाटला नाहीं. विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून सात वर्षें चालली. तिच्यांत इंग्रजी विद्येनें बिघडलेल्यांवर कोरडे आहेत, आणि त्याच मालेंत डॉक्टर जॉन्सनवर भक्तिभावानें लिहिलेला विस्तृत निबंधही आहे. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचें मराठी रूपांतर कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांच्या हातून उतरलें होतें. गुरुच असे असल्यावर शिष्यानें काय शिकावें? इंग्रज राज्यकर्ता वेगळा आणि इंग्रज ग्रंथकार वेगळा, हा भेद त्या वर्गांत कोणी फळ्यावर लिहून दाखविला नसेल, पण मुलें तो हवेंतूनच घेत होतीं.

नाटकांचें वारेंही त्या वेळीं जोरांत वाहत होतें. महादेवशास्त्री कोल्हटकरांचें ‘ऑथेल्लो’ १८६७ सालचें. विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं ‘सिंबेलीन’वरून ‘तारा’ हें नाटक केलें तें १८७९ सालीं, आणि त्याच वर्षीं निघालेल्या आर्योद्धारक मंडळीनें हीं रूपांतरें पुण्यास रंगभूमीवर आणलीं. महाजनी हे अकोल्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. टेंभूसारख्या खेड्यांतून आलेला, खिशांत दमडी नसलेला आगरकर नांवाचा मुलगा १८७५ सालीं मॅट्रिक झाला तो त्यांच्याच हाताखालीं. गुरूनें ‘सिंबेलीन’ घेतलें, शिष्यानें ‘हॅम्लेट’ घेतलें. आगरकरांच्या भाषांतराचें नांव ‘विकारविलसित’, प्रसिद्धीचें साल १८८३.

या भाषांतराची जन्मकथा पुष्कळांस अर्धीच ठाऊक असते. कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांस वेड लागलें आहे असें सरकारदरबारीं ठरलें होतें. महाराज वेडे नाहींत, त्यांचे हाल करून त्यांना वेडे करण्यांत येत आहे, असा लोकांत बोलबाला होता. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं तो उचलला, दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले, आणि ज्या पत्रांच्या आधारावर हे आरोप होते तीं कोर्टांत टिकलीं नाहींत. १८८२ च्या जुलैंत टिळक-आगरकरांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. तेथें आगरकरांनीं हॅम्लेटच्या भाषांतराचें काम चालविलें होतें. आतां पाहा: राजवाड्यांत एक तरुण राजपुत्र, तो खरा वेडा कीं वेडा ठरविलेला हा प्रश्न, भोंवतीं हेर आणि कारस्थानी मंडळी, आणि खरें काय तें उघड बोलणाऱ्याची होणारी फजिती. डेन्मार्कची ही कथा डोंगरीच्या कोठडींत बसून मराठींत आणणाऱ्या मनुष्यास कोल्हापूरची आठवण झाली नसेल असें मला तरी मानवत नाहीं. ज्याला आम्ही आज ‘इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास’ म्हणून कपाटांत ठेवतों, तें त्या पिढीला आपल्या अंगणांतल्या भांडणाचेंच एक रूप वाटत होतें. त्या दुर्दैवी महाराजांचा अंत पुढल्याच वर्षीं, १८८३ च्या डिसेंबरांत, अहमदनगर येथें झाला.

गुरु तुरुंगांत जाऊन आलेले, त्यांची कीर्ति गांवभर झालेली. अशा गुरूच्या पुस्तकावर शिष्यानें काय करावें? हार घालावा, असें आपण म्हणूं. हरिभाऊंनीं त्याच्यावर ७२ पानांची टीका लिहिली. ‘निबंधचंद्रिका’ मासिकांत ती छापून आली, त्या वेळीं वय विशीच्या आंतबाहेर. विष्णुशास्त्री १८८२ च्या मार्चांत वारले तेव्हां याच मुलानें ‘शिष्यजनविलाप’ नांवाची शोकपर कविता लिहिली होती. म्हणजे गुरुभक्तीची वाण त्याच्या ठिकाणीं नव्हती. परंतु शेक्सपिअर हा कांहीं गुरुजींच्या मालकीचा नव्हे, तो आपणही मुळांतून वाचला आहे, आणि भाषांतर मुळाशीं ताडून पाहण्याचा आपणांस अधिकार आहे, ही जाणीव त्या ७२ पानांच्या मुळाशीं आहे. या प्रकाराला मी फार महत्त्व देतों. आपल्याकडे ग्रंथावर टीका करणें म्हणजे ग्रंथकर्त्याचा अपमान करणें, आणि गुरूच्या ग्रंथावर टीका करणें म्हणजे पाप, ही समजूत अजूनही मेलेली नाहीं. माझ्या वर्गांत तर ती चांगली धष्टपुष्ट आहे. एखाद्या परकीय नाटकाचें वेड लागल्यामुळें एका ब्राह्मण विद्यार्थ्यानें ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं सहज ओलांडली. पुढें समाजसुधारणेच्या कामीं हाच विद्यार्थी आगरकरांच्या बाजूला उभा राहिला, हेंही विसरूं नये.

शेक्सपिअरचें नांव घेतलें म्हणजे सगळे माना डोलावतात. अडचण येते ती दुसऱ्या ग्रंथकाराची, आणि चरित्रकार त्याच्याविषयीं एक वाक्य लिहून पुढें सटकतात. तो ग्रंथकार म्हणजे रेनॉल्ड्स. जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) यानें १८४४ पासून ‘लंडनचीं रहस्यें’ ही प्रचंड कादंबरी पेनीला एक अंक याप्रमाणें दर आठवड्यास छापली. तळघरें, खून, हरवलेलीं मृत्युपत्रें, सरदारांच्या वाड्यांतलीं लफडीं आणि शेजारींच उपाशी मरणारे मजूर, असा तिचा सारा मसाला. शिवाय लांडग्याचें रूप घेणाऱ्या मनुष्याची ‘वॅग्नर’, सैतानाशीं करार करणारा ‘फाउस्ट’, मांत्रिकाची एक कादंबरी, अशा शुद्ध अद्भुत कथाही त्यानें लिहिल्या. डिकन्सला त्याचा तिटकारा होता. पण हाच रेनॉल्ड्स १८४८ च्या मार्चांत लंडनच्या ट्रफाल्गर चौकांतील सभेचा अध्यक्ष होता, मजुरांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट पक्षाचा तो पुढारी होता, आणि त्याचें साप्ताहिक गरिबांच्या बाजूनें सरदारांस शिव्या देत असे. राजकारण, नाटकीपणा आणि अद्भुत हीं तिन्ही एकाच दुकानांत मिळण्याची सोय त्यानें करून ठेविली होती. त्याच्या देशांतले विद्वान त्याला विसरले. हिंदुस्थानांत मात्र हिंदी, बंगाली, उर्दू, मराठी अशा भाषांतून तो दोन पिढ्या वाचला गेला.

हीं पुस्तकें पुण्यास येत कशीं? बोटीनें मुंबईस, आणि तेथून आगगाडीनें. ठाण्यापर्यंत गाडी १८५३ सालीं आली, पुढल्या वर्षीं कल्याणास पोंचली, आणि बोरघाटाची चढण १८६३ सालीं खुली झाल्यावर मुंबईचा माल सरळ पुण्यास उतरूं लागला. मी राहतों त्या विठ्ठलवाडीवरून, म्हणजे कल्याण सोडतांच पुण्याच्या बाजूस लागणाऱ्या पहिल्या स्थानकावरून, हीच वाट जाते. डोंगरीच्या तुरुंगाकडे गेलेले संपादक आणि तुरुंगाच्या उलट दिशेनें पुण्यास गेलेले लांडगे-मानव एकाच रुळांवरून गेले असले पाहिजेत. इतिहासाला असल्या सहप्रवाशांचें वावडें नसतें.

मराठी वाचकाला अद्भुत नवें होतें असें मात्र नाहीं. कृष्णशास्त्र्यांनीं इंग्रजीवरून आणलेल्या अरबी सुरस गोष्टी होत्या, हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) होती, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) होती. त्यांत राजपुत्र होते, उपवनें होतीं, विरह होता. नव्हती ती फक्त एखादी ओळखीची गल्ली. रेनॉल्ड्सचें अद्भुत शहरांतल्या गल्लींत घडतें. घराचा क्रमांक सांगून त्या घरांत काय भयंकर चाललें आहे तें तो दाखवितो. एकवीस वर्षांच्या हरिभाऊंनीं १८८५ सालीं ‘पुणें वैभव’ पत्रांत ‘मधली स्थिति’ ही कादंबरी सुरू केली ती याच लंडनरहस्यांच्या धर्तीवर. पण लंडन काढून टाकून त्या जागीं त्यांनीं पुणें घातलें. जुनें सुटलेलें आणि नवें पचलेलें नाहीं, अशा स्थितींतल्या शिकलेल्या घरांतली दारू, बदफैली आणि ढोंग तिच्यांत आहे. कादंबरी म्हणून ती ओबडधोबड आहे, मधूनमधून उपदेशाचा घोटही पाजते. परंतु आपल्या पेठांमध्येंही रहस्यें आहेत, तीं पाहण्यास तलवार किंवा राजकन्या लागत नाहीं, शेजारचें दार उघडलें कीं पुरे, हा शोध मराठी कादंबरीला त्या पेनीच्या अंकांनीं लावून दिला. ‘पण लक्षांत कोण घेतो’ मधील यमूच्या घरचा काळोख हा कोणत्याही लंडनी तळघराहून भयाण आहे. तो रेनॉल्ड्सकडून आलेला नाहीं. पुण्याच्या माजघरांतून आलेला आहे. मात्र माजघरांत दिवा घेऊन जाण्याची खोड कोठून लागली, तें मीं सांगितलें.

आणखी एक गोष्ट त्या हलक्या ग्रंथकारापासून आमच्या कादंबरीनें घेतली असें मला वाटतें. आठवड्याच्या हप्त्यांनीं गोष्ट सांगणें आणि वाचकाला पुढल्या अंकाची वाट पाहावयास लावणें ही ती गोष्ट. १८९० सालीं हरिभाऊंनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें आणि सुमारें सत्तावीस वर्षें चालविलें. यमूची कथा अशीच अंकाअंकानें घरोघर गेली. विधवेच्या वपनावर शंभर व्याख्यानें झालीं असतीं तरी जीं माणसें सभेला गेलीं नसतीं, तीं करमणुकीच्या अंकाची वाट पाहत बसलीं.

या वेडाची किंमत द्यावी लागली नाहीं असें नाहीं. गणित शिकविणारे टिळकांसारखे गुरु शाळेंत असूनही हरिभाऊंचें गणिताशीं कधीं जमलें नाहीं. मॅट्रिक झाले, डेक्कन कॉलेजांत गेले, १८८५ त फर्ग्युसन निघाल्यावर तेथें आले. पण गणितानें वाट अडविली आणि पदवी राहिली ती राहिलीच. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे नांवाजलेले वकील. पुतण्या पदवीवांचून बसला याचें शल्य त्या घरांत किती असेल! पुढें चुलत्यांनीं १८८८ सालीं स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊंकडे आली, म्हणून पोटाची विवंचना मिटली. असा आनंदाश्रम सर्वांच्या चुलत्यांना काढतां येत नाहीं. पालकांच्या तक्रारींत जें तथ्य आहे तें येथें आहे, आणि तें मी नाकारीत नाहीं.

शिवाय प्रत्येक वेडाला फळ आलें असेंही नव्हे. ‘मेझर फॉर मेझर’वरून ‘सुमतिविजय’, ह्यूगोच्या ‘हर्नानी’वरून ‘जयध्वज’, मोलिएरवरून ‘मारून मुटकून वैद्यबुवा’, इतकीं नाटकें त्यांनीं रूपांतरित केलीं. आज तीं कोण वाचतो? मेडोज टेलरच्या टिपूवरील कादंबरीवरून ‘म्हैसूरचा वाघ’ झाला, तोही हुकमी हात बसण्यापूर्वींचा. रंगभूमीवर खरा हॅम्लेट उभा केला तो कॉलेजाची पायरी न चढलेल्या गणपतराव जोशी यांनीं. शाहूनगरवासी मंडळीचा हा नट ‘विकारविलसिता’तला चंद्रसेन झाला, आणि जड भाषेचीं लांबच लांब वाक्यें त्याच्या तोंडून ऐकण्यास इंग्रजी न जाणणारे प्रेक्षक रात्ररात्र बसले. ज्या भाषांतराला विद्यार्थ्यानें ७२ पानें भरून नांवें ठेविलीं, तें असें तरलें. फर्ग्युसनचे प्रोफेसर वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं याच वातावरणांत ‘त्राटिका’ दिली, १८९१ सालीं.

राजकारणाची आवड हरिभाऊंची पुढें पुस्तकांत राहिली नाहीं. पुण्याच्या नगरपालिकेंत ते अनेक वर्षें सभासद होते आणि तिचे अध्यक्षही झाले. म्हणजे पार्लमेंटाचीं भाषणें वाचणारा मुलगा शेवटीं गटारें, नळ आणि दिवाबत्ती यांच्या कामाला लागला. १९१२ सालीं साहित्यसंमेलन भरलें आणि अध्यक्षस्थान त्यांना मिळालें. संमेलनाचें गांव अकोला, जेथें महाजनींच्या हाताखालीं आगरकर मॅट्रिक झाले होते. आगरकर जाऊन तेव्हां सतरा वर्षें झालीं होतीं. महाजनी हयात होते.