मिरासदार आणि उपरी : मावळातील एका सीमारेषेचा इतिहास

भोर आणि वेल्हे (ज्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे) हे दोन तालुके म्हणजे जुन्या बारा मावळांपैकी काही खोरी होत. रोहिडखोरे जेध्यांचे, हिरडस मावळ बांदलांचे, गुंजण मावळ शिळमकरांचे, कानदखोरे मरळांचे, अशी तेथे देशमुखीची वाटणी होती. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाण्यास डोंगराची एक सोंड ओलांडली की पुरे. परंतु वतनाच्या दृष्टीने मनुष्य त्या सोंडेपलीकडे परका होई. परकेपणाचा वाचक असा 'उपरा' हा शब्द आज आपण सर्रास वापरतो. त्याचे भावंड 'उपरी' हे याच वतनी व्यवस्थेतील.

मिरासदार म्हणजे पिढीजात हक्काने जमीन धारण करणारा. उपरी म्हणजे कौलाने, मुदतीने कसणारे कूळ. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली लिहिलेल्या अहवालात हा भेद नोंदविला आहे. मिरासदारास गावच्या बैठकीत आवाज होता, उपऱ्यास नव्हता. सारा मात्र बहुधा मिरासदाराचाच जड असे. पडीत जमीन लागवडीस आणावयाची तर हलक्या कौलावर बाहेरचा माणूस आणावाच लागे. सतराव्या शतकात दादोजी कोंडदेवांनी मावळात वस्ती वाढविली ती साऱ्याच्या सवलतीनेच. तेव्हा उपऱ्याविषयीचा दुजाभाव पोटावर पाय आल्यामुळेच उपजला, असे म्हणता येत नाही. गावास तो शेतात हवा होता, बैठकीत नको होता. शिवाय एका गावचा मिरासदार शेजारच्या गावी जमीन कसू लागला की तेथे तो उपरीच. म्हणजे हा शब्द माणसाचा गुण सांगत नसे. तो त्याचे त्या गावाशी असलेले नाते सांगे.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत व निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलापासून महारापर्यंत वतनदारांच्या साक्षी पडत. कुणब्याची निशाणी नांगराची असे. शिवेच्या तंट्यात तर महाराची साक्ष विशेष वजनाची. ज्यास वेशीच्या आत राहता येत नव्हते, विहिरीस शिवता येत नव्हते, तो गावची शीव कोठून जाते हे सांगण्यास पात्र. आणि ज्यास पाणवठा मोकळा, असा कुणबी उपरी या कामी अपात्र. आतले आणि बाहेरचे ठरविणाऱ्या दोन रेषा एकाच गावात एकमेकींस छेदून जात होत्या. यावरून जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचा मोह काही लेखकांस होतो, तो मात्र आवरावा. महारवतन ही गुलामगिरीच आहे, असे डॉ. आंबेडकरांनी ओळखले व १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. ती वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर प्रयोग केले. चित्रकारांच्या आवडीसारख्या क्षुल्लक निमित्ताने गट पाडले तरी मुले स्वतःच्या गटास झुकते माप देतात, इतकेच नव्हे तर दुसऱ्या गटाहून वरचढ राहण्यासाठी स्वतःच्या गटाचा काही लाभही सोडतात, असे त्यांस आढळले. मावळच्या वतनदारांस हे नवल वाटले नसते. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे महाराजांपाशी राहिले, तर त्याच खोऱ्यातील खंडोजी खोपडे वतनाच्या आशेने खानास मिळाला. विजापूरच्या सरदारापेक्षा शेजारचा भाऊबंदच त्यास अधिक परका वाटला असला पाहिजे. ताजफेल यांच्या मुलांच्या गटांस मात्र पूर्वेतिहास नव्हता. येथे प्रत्येक पक्षाच्या पेटीत करीना होता.

पुढे रयतवारीत सारा भरणारा प्रत्येक जण सारखाच खातेदार ठरला व 'उपरी' ही महसुली संज्ञा निकामी झाली. 'उपरी' हे नाम होते, त्यामागे एक करार उभा होता, आणि मुदत सरताच ते सुटे. 'उपरा' हे लिंगवचनानुसार बदलणारे विशेषण. ते कोणासही चिकटते, आणि त्यास मुदत नाही. भटक्या कैकाडी समाजातील आपल्या जीवनाची कहाणी लक्ष्मण माने यांनी १९८० साली प्रसिद्ध केली, तिला त्यांनी हेच नाव दिले. त्या जीवनात कोणत्याही गावाशी कसला कौलच नव्हता.

वेल्ह्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, व नंतर ते पुन्हा बांधण्यात आले. त्याच्या जलाशयासाठी उठलेल्या कुटुंबांनी जी जमीन सोडली ती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली होती. सरकारी कागदांत त्यांची ओळख 'धरणग्रस्त' अशी झाली. तेही विशेषणच आहे.