क्रोमची टाकी आणि आवाजापेक्षा वेगवान फवारा

पुढच्या वेळी विमानतळावर गेलात तर उभ्या विमानाच्या चाकांच्या वर बघा. आरशासारखा चकचकीत दांडा दिसेल. विमान टेकताना तो आत-बाहेर सरकतो आणि सगळा दणका झेलतो. त्याच्यावर साधा ओरखडाही चालत नाही, म्हणून कित्येक दशकं त्याला हार्ड क्रोमचा थर देत आलेत.

हा थर चढतो ॲसिडच्या टाकीत. त्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. वर उडणारे तुषार रोज श्वासात गेले, तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. चकाकी विमानाची, किंमत मोजायची टाकीशेजारच्या कामगाराने! २००६ मध्ये अमेरिकेने कामाच्या जागेची मर्यादा घनमीटरला ५२ वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. मग पर्याय कुठून आला?

त्यासाठी साधारण १९१० च्या झुरिचला जाऊ. मुलं खेळण्यातल्या बंदुकीने भिंतीवर शिशाचे छर्रे मारत होती, ते चपटे होऊन चिकटत होते. ते पाहून मॅक्स उलरिख शोप यांना कल्पना सुचली, असं सांगतात. त्यांनी वितळलेला धातू हवेच्या झोताने फवारला. थेंब आदळतो, चपटा होतो, लगेच गोठतो. थरावर थर बसत जातो. हाच थर्मल स्प्रे. जस्त फवारून लोखंडाचा गंज थांबवता आला. पण थरात बारीक छिद्रं राहायची, पकडही कच्ची. क्रोमची जागा घेणं लांबच.

मग लोकांनी उष्णता वाढवली. प्लाझ्मा गनमध्ये तापमान १०,००० अंशांच्याही वर जातं. सिरॅमिकसाठी हे उत्तम. जेट इंजिनात झिर्कोनियाचा थर असाच देतात. पण झिजेला तोंड देणारं टंगस्टन कार्बाइड जास्त तापलं, की त्यातला कार्बन जळतो आणि थर ठिसूळ होतो.

म्हणजे हवा होता वेग! तो १९५० च्या दशकात युनियन कार्बाइडने (हो, भोपाळवालीच) मिळवला होता. नळीत ॲसिटिलीन आणि ऑक्सिजनचे लागोपाठ स्फोट, आणि प्रत्येक स्फोटासोबत पावडर बाहेर. पण ही 'डी-गन' कंपनी विकायची नाही. पार्ट आमच्याकडे पाठवा, कोटिंग करून देतो. आपल्या भाषेत, सोर्स कोड नाही, फक्त सर्व्हिस.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स ब्राउनिंग यांनी स्फोटांऐवजी सलग ज्वलन वापरलं. आवाजापेक्षा वेगवान झोत, आणि गन विकत मिळणारी. हे एचव्हीओएफ. कण कमी तापतात, पण इतक्या जोरात आदळतात की थर घट्ट बसतो. आज अनेक विमानांच्या त्या दांड्यावर क्रोमऐवजी हेच कोटिंग असतं. सतलजवरच्या नाथपा झाकरीत गाळाने झिजणाऱ्या टर्बाइनवरही हेच वापरतात.

मग टाक्या बंद झाल्या? नाही. फवारा सरळ रेषेत जातो, अरुंद नळीच्या आत पोचत नाही. तिथे अजून क्रोमच लागतं. शिवाय ही गन कानठळ्या बसवते, धूळही उडवते. म्हणून ती बंद खोलीत रोबो चालवतो आणि ऑपरेटर बाहेर, काचेपलीकडे उभा असतो.

टाकीवर वाकून काम करणाऱ्या माणसासाठी ती काच फार मोठी गोष्ट आहे. भेटू पुढच्या भागात!